रंग बसला होता पण चिकटला नव्हता: लेझर कट कडेवरून सुटणाऱ्या सीईडी कोटिंगचं एक प्रकरण

पावसाळ्यात एका सकाळी कस्टमरच्या क्वालिटीतून व्हॉट्सअपवर तीन फोटो आले. गाडीच्या खालच्या बाजूला लागणारा ६ मिमी जाडीचा ब्रॅकेट, काळा सीईडी रंग (कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन, म्हणजे टाकीत बुडवून विजेने चढवलेला), सपाट भाग अगदी नवा, आणि बाहेरच्या कडेवरून रंगाची लांब पट्टी सुटून लोंबतेय, सापाची कात असते ना तशी. पट्टीखाली तपकिरी गंज. नग गाडीला लागलेलाही नव्हता, शेडमध्ये क्रेटमध्ये पडून होता, दीड महिना फार तर.

मी चाकण पट्ट्यातल्या एका जॉबवर्क सीईडी लाईनवर प्रोसेस बघतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण आम्ही सुरुवातीचे जवळजवळ पाच आठवडे चुकीच्या जागी शोधत होतो, आणि ज्या जागी शोधत होतो ती प्रत्येक जागा वाजवी होती, म्हणजे आज पुन्हा असा फोटो आला तर दहातले आठ जण तिथूनच सुरुवात करतील.

आधी लाईनबद्दल थोडं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नग जिगवर टांगतात, मग डिग्रीजिंग, पाण्याचे रिन्स, ॲक्टिव्हेशन, झिंक फॉस्फेट, म्हणजे रंगाला पकड देणारा क्रिस्टलचा थर (आमचं झिंक-निकेल-मँगनीजचं ट्रायकॅटायन आहे), परत रिन्स, शेवटचा डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचा, आणि मग नग पेंटच्या टाकीत बुडतो. टाकीतला पेंट म्हणजे बहुतांश पाणीच, घन भाग १८ टक्क्यांच्या आसपास, पीएच ६ च्या जवळ, तापमान ३० अंश. नगाला मायनस, बाजूच्या स्टीलच्या ॲनोडना प्लस, डीसी २७० व्होल्ट, तीन मिनिटं. इपॉक्सी रेझिनवर अमाइनचे गट असतात, ते ॲसिडने न्यूट्रल करून पाण्यात विरघळवलेले असतात म्हणून रेझिनचे कण प्लस चार्जचे होतात आणि नगाकडे ओढले जातात. पण नुसतं ओढल्याने रंग बसत नाही, बसवणारी गोष्ट वेगळी आहे. नगाच्या पृष्ठभागावर पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजन सुटतो आणि हायड्रॉक्साईड तयार होतो, त्यामुळे धातूला अगदी लागून असलेल्या पातळ थरात पीएच एकदम १२ च्या आसपास चढतो, तिथे रेझिनचा चार्ज जातो, त्याला पाण्यात राहता येत नाही, आणि ते दह्यासारखं गोठून तिथेच बसतं. जसजसा थर जाड होतो तसा तो विजेला अडवतो, म्हणून करंट जिथे अजून रंग नाही तिकडे वळतो, पोकळीत, वाकवलेल्या भागाच्या आत. थ्रो पॉवर म्हणतात ती हीच. स्प्रेगनने जिथे कधीच रंग जाणार नाही तिथे हा जातो, आणि सगळीकडे जवळपास सारखी जाडी, आमच्याकडे १८ ते २२ मायक्रॉन. वर आलेला नग यूएफच्या (पेंटच्या बाथमधूनच गाळून काढलेल्या) पाण्याने धुतला तरी बसलेला थर निघत नाही कारण विजेच्या दाबाने त्यातलं बरंचसं पाणी आधीच पिळून बाहेर गेलेलं असतं. मग ओव्हन, तिथे ब्लॉक केलेला आयसोसायनेट मोकळा होतो आणि रेझिन एकमेकाला बांधलं जातं.

ही पद्धत मोटारीसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांच्या टीमने उभी केली, तेव्हा नग प्लसला जोडायचे. त्यात अडचण अशी की प्लसला जोडलेलं लोखंड थोडं थोडं विरघळतं आणि खालचं फॉस्फेटही खराब होतं, म्हणून १९७० च्या दशकात नग मायनसला जोडायची कॅथोडिक पद्धत आली आणि गंजरोधात एकदम मोठा फरक पडला. हे इथे सांगायचं कारण म्हणजे कॅथोडिकमध्ये नगाचा पृष्ठभाग आहे तसाच राहतो. चांगला असेल तर चांगला राहतो. वाईट असेल तर तोही तसाच रंगाखाली राहतो, आणि हीच गोष्ट आमच्या डोक्यात उशिरा शिरली.

तर फोटो आल्यावर पहिल्यांदा आम्ही रेकॉर्ड काढले. त्या लॉटबरोबर लाईनवरून गेलेला टेस्ट पॅनल सॉल्ट स्प्रेमध्ये (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यातली गंजाची चाचणी) ५०० तास पास. स्क्राईबपासून (मुद्दाम मारलेल्या ओरखड्यापासून) क्रीप, म्हणजे गंजाचं पसरणं, १ मिमीच्या आत. सपाट भागावर क्रॉस कट केला (ब्लेडने चौकोनी जाळी कापली), टेप लावली, ओढली, एकही चौकोन निघाला नाही. डीएफटी (वाळलेल्या रंगाची जाडी) २० मायक्रॉन. फॉस्फेटचं वजन २.४ ग्रॅम प्रति चौरस मीटर. सगळे आकडे हिरवे. माझा त्या वेळचा विचार प्रामाणिकपणे सांगतो, मला वाटलं कस्टमरकडे हाताळताना कड आपटली असेल. तसं फोनवर बोललोही. "सर, आपटलेला रंग असा पट्टीने निघतो का?" एवढंच समोरच्या ताई म्हणाल्या आणि त्यांचं बरोबर होतं, आपटून रंग तुकड्याने उडतो, धातूवर खूण राहते, इथे खूण कुठेच नव्हती.

मग संशय ओव्हनवर गेला. ब्रॅकेट जाड, बाकीचे आमचे बरेच नग दोन-अडीच मिमीचे, त्यामुळे हा नग हळू तापणार हे उघड होतं. डेटा लॉगर नगाला बांधून ओव्हनमधून फिरवला तर पेंटवाल्याने सांगितलेला वेळ, म्हणजे धातू १७० अंशाला २० मिनिटं, तो या नगाला पुरता मिळत नव्हता, पंधराच्या आसपास मिळत होता. आम्हाला वाटलं सापडलं. एमईके (न भाजलेला रंग विरघळवणारं सॉल्व्हंट) लावून घासून बघितलं तर कापडाला रंग येत नव्हता, म्हणजे क्युअर (ओव्हनमध्ये रंग पक्का होणं) ठीकच होतं, पण तिकडे आम्ही फारसं लक्ष दिलं नाही कारण हातात एक आकडा स्पेकच्या बाहेरचा होता आणि कस्टमरला ८डी (दोषाचं कारण आणि उपाय सांगणारा रिपोर्ट) द्यायची मुदत शुक्रवारी होती. कन्व्हेअरचा स्पीड कमी केला, रोजचे हँगर कमी झाले, मालक नाराज झाले, ८डी गेली, कारण लिहिलं अपुरं क्युअर. ते चुकीचं कारण माझ्या सहीने गेलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो आकडा खरा होता पण त्याचा या दोषाशी संबंध नव्हता, आणि एमईकेची टेस्ट तेव्हाच तसं सांगत होती.

बारा दिवसांनी नव्या लॉटमधले नग, पूर्ण भाजलेले, सॉल्ट स्प्रेमध्ये कडेवरून उचलायला लागले. या वेळी आम्ही पॅनल नाही, नगच ठेवला होता.

मग व्होल्टेज. कडेला करंट एकवटतो, तिथे हायड्रोजन जास्त सुटतो, बुडबुड्यांनी थर फुटतो आणि पिनहोल पडतात, हे पुस्तकात आहे आणि गॅल्व्हनाईज्ड पत्र्यावर मी डोळ्याने पाहिलंय. वीस व्होल्ट कमी केले. कडेला काही फरक नाही, उलट यू आकाराच्या वाकाच्या आतली जाडी १२ मायक्रॉनवर आली कारण थ्रो पॉवर गेली. दोन दिवसांत परत चढवले. फॉस्फेटवाल्या केमिकल कंपनीचा माणूस आला, त्याने ॲक्टिव्हेशन बदलायला सांगितलं, बदललं. पेंटवाल्याचा आला, त्याने बाथचं सॅम्पल नेलं, रिपोर्ट नॉर्मल. या सगळ्यात पाच आठवडे.

सुटका झाली ती टेबलावर. एका शनिवारी दुपारी लाईन मेंटेनन्सला बंद होती, मी सॉल्ट स्प्रेमधून काढलेले अकरा नग पुसून एका ओळीत मांडले आणि प्रत्येक नगावर गंज नेमका कुठे आहे ते पेनने कागदावर काढत गेलो. ब्रॅकेटला बाहेरचा पूर्ण आकार आहे, एक लांब स्लॉट आहे, आणि एम८ चे आटे पाडलेली दोन भोकं आहेत. अकराच्या अकरा नगांवर बाहेरच्या आकाराची कड सुटलेली, स्लॉटची कड सुटलेली, आणि आट्याच्या दोन्ही भोकांच्या कडा स्वच्छ. एकाही नगावर अपवाद नाही.

आता विचार करा, भोक आणि स्लॉट यांच्यात अंतर फक्त तीस-चाळीस मिमी. दोन्ही एकाच डिग्रीजिंगमधून, एकाच फॉस्फेटमधून, एकाच पेंटमधून, एकाच ओव्हनमधून गेलेत, त्याच मिनिटाला. म्हणजे आमच्या लाईनवरचं कुठलंही कारण घेतलं तरी ते दोन्ही कडांना सारखंच लागायला पाहिजे. फरक लाईनच्या आधीचा होता. भोकं ड्रिल केलेली होती. स्लॉट आणि बाहेरचा आकार लेझरने कापलेला होता.

खरं तर ही तुलना पहिल्या दिवसापासून प्रत्येक नगावर होती. आम्ही नग बघत होतो पण गंज कुठे नाही ते बघत नव्हतो.

सोमवारी तीन गोष्टी केल्या. पहिली, न गंजलेल्या ताज्या नगाच्या कापलेल्या कडेवर, सपाट भागावर नाही, कडेच्या ६ मिमी रुंदीवर टेप दाबून ओढली. रंग पट्टीने निघून आला. सॉल्ट स्प्रे नाही, काही नाही, ताजा नग. दुसरी, निघालेल्या पट्टीची मागची बाजू बघितली, काळ्या रंगाच्या मागे करडा चकचकीत थर, आणि पट्टी कागदावर ठेवून खालून चुंबक फिरवला तर पट्टी चुंबकामागे सरकली. नुसता रंग असा सरकत नाही. म्हणजे रंगाबरोबर लोखंडाचा ऑक्साईड उचलून आला होता, रंग ऑक्साईडला घट्ट होता आणि ऑक्साईडच लोखंडाला सोडत होता. तिसरी, एक नग फॉस्फेटनंतर लाईनवरून काढून घेतला, वाळवला, सपाट भाग सगळा मॅट करडा आणि कापलेली कड निळसर काळी, काचेसारखी. तिथे फॉस्फेट बसलंच नव्हतं. फॉस्फेट बसायला आधी ॲसिडने लोखंड थोडं खाल्लं जावं लागतं, त्यातूनच क्रिस्टल उगवतात, आणि ऑक्साईड त्या हलक्या ॲसिडला दाद देत नाही.

कटिंगवाल्या भाऊंना फोन केला. छोटं वर्कशॉप आहे, माणूस सरळ. "ऑक्सिजननेच कापतो की, सहा मिमी एमएस (साधं स्टील) सगळेच ऑक्सिजनने कापतात, तुमच्या पीओत (ऑर्डरमध्ये) गॅसबद्दल काही लिहिलेलं नाही." खरंच नव्हतं. ऑक्सिजन वापरला की लोखंड जळतं, त्या जळण्याची उष्णता लेझरला मदत करते, जाड पत्रा कमी गॅसमध्ये आरामात कापला जातो, आणि मागे कडेवर ऑक्साईडची साल राहते. नायट्रोजन वापरला तर लोखंड जळत नाही, नुसतं वितळतं आणि गॅसचा मोठा दाब ते खाली उडवून देतो, कड चांदीसारखी पांढरी येते, पण गॅस खूप लागतो म्हणून दर जास्त.

मग सुरुवातीचं ॲप्रूव्हल पास कसं झालं? तेही शोधलं. ॲप्रूव्हलच्या वेळी ब्लँक प्रेसवर टूलने कापलेले होते, कड कातरलेली, साफ. नंतर टूल रिपेअरला गेलं, मधल्या काळासाठी म्हणून लेझर सुरू झालं, आणि मधला काळ वाढत वाढत कायमचा झाला. ड्रॉइंग तेच, मटेरियल तेच, आकार तोच, मापात सगळं बसतंय, त्यामुळे कोणाला हा बदल वाटलाच नाही. आणि आमचा टेस्ट पॅनल म्हणजे विकत आणलेला गुळगुळीत कोल्ड रोल पत्रा. त्याला लेझर कधी लागलाच नव्हता. तो ५०० तास पास होत राहिला, होणारच, तो आमच्या बाथबद्दल खरं सांगत होता, नगाबद्दल काहीच सांगत नव्हता.

इथे एक प्रश्न मला नंतर बऱ्याच जणांनी विचारला, की ऑक्साईड असेल तर तिथे रंग बसतोच कसा, वीज अडायला नको का? नाही अडत. त्या सालीत मॅग्नेटाईट असतो आणि तो वीज बऱ्यापैकी वाहून नेतो, थरही पातळ आणि भेगाळलेला असतो. करंट गेला की पीएच चढणार, पीएच चढला की रेझिन गोठणार. खाली लोखंड आहे की साल, हे पेंटला कळत नाही. डीएफटी मीटरलाही कळत नाही, एक तर त्याचा प्रोब ६ मिमीच्या कडेवर नीट बसत नाही, आणि बसला तरी तो रंग किती जाड ते सांगणार, कशावर उभा आहे ते नाही. आम्ही एक नग आडवा कापून, मोल्डमध्ये बसवून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघितला. खाली स्टील, मध्ये काळसर थर आणि त्यात उभ्या भेगा, काही ठिकाणी स्टीलपासून सुटलेला, आणि वर एकसारखा सुंदर रंगाचा थर. रंगाच्या थरात खरंच काही खोट नव्हती.

खात्रीसाठी चार गट केले, एकाच शीटमधून. पहिला ऑक्सिजन कट जसाच्या तसा, दुसरा ऑक्सिजन कट करून कड बेल्टवर घासलेली, तिसरा ऑक्सिजन कट करून हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पिकलिंग केलेला, म्हणजे ॲसिडने साल काढलेला, चौथा नायट्रोजन कट. सगळे एकाच जिगवर, आलटून पालटून टांगले म्हणजे जागेचा फरक नको. पहिला गट टेपलाच गेला, आणि सॉल्ट स्प्रेमध्ये २४० तास व्हायच्या आत सगळीकडे उचलला. दुसरा गट मिश्र, जिथे बेल्ट नीट फिरला तिथे उत्तम, स्लॉटच्या आतल्या कोपऱ्यात बेल्ट पोचत नाही तिथे सुटला. पिकलिंगचे नग ५०० तास उभे राहिले. नायट्रोजनचे नग टेपला पास, पट्टी कुठेच नाही, पण खालच्या धारेवर बारीक केसासारखी गंजाची रेघ.

ही रेघ वेगळा दोष आहे आणि दोन्ही एकत्र केले तर परत गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. ओव्हनमध्ये रंग गोठायच्या आधी वितळून वाहतो, आणि धारदार टोकावरून पृष्ठताणामुळे मागे सरकतो, टोक उघडं पडतं. याला साल जबाबदार नाही, धार जबाबदार आहे. ओळखायचं सोपं आहे, धारेचा गंज रेघेसारखा अगदी टोकावर असतो आणि बाजूचा रंग टेपला निघत नाही, सालीचा दोष कापलेल्या पूर्ण रुंदीवर असतो आणि रंग पट्टीने येतो, मागे करडा थर घेऊन. धारेसाठी उपाय म्हणजे कड थोडी गोल करणं, आम्ही साधारण ०.३ मिमी त्रिज्या मागितली आणि रेघ गेली.

उपाय ठरवताना कस्टमरच्या परचेसकडून पहिला आग्रह होता की सीईडीवाल्यांनीच लाईनच्या आधी ॲसिडची टाकी लावावी, म्हणजे कटिंगचा दर वाढणार नाही. मी याला ठाम विरोध केला आणि आजही करेन. ब्रॅकेटला पुढे एक पट्टी वेल्ड होते, दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ॲसिड अडकतं, रिन्सने पूर्ण निघत नाही, आणि ते क्लोराईड थेंबाथेंबाने पेंटच्या टाकीत येतं. पेंटच्या बाथमध्ये क्लोराईड वाढलं की स्टेनलेसचे ॲनोड खड्डे पडून खाल्ले जातात, त्यांचं लोखंड बाथमध्ये उतरतं, फिल्म खडबडीत होते, आणि मग एका कस्टमरच्या ब्रॅकेटसाठी आमच्या टाकीतून जाणारा सगळ्यांचा माल धोक्यात येतो. चाळीस हजार लिटरची टाकी आहे, यूएफ परमिएट (तेच गाळलेलं पाणी) फेकत क्लोराईड खाली आणायला आठवडे जातात. ही गोष्ट मीटिंगमध्ये परमिएटचे आकडे दाखवून सांगितली तेव्हा पटली.

शेवटी ठरलं ते असं, या नगासाठी नायट्रोजन कट, ड्रॉइंगवर स्पष्ट टीप की लेझर कड ऑक्साईडमुक्त आणि धार मोडलेली हवी, दरातला फरक कस्टमरने उचलला. आणि आमच्या इनवर्डला (माल आत घेतो तिथे) एक छोटी टेस्ट, मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी. कापलेल्या कडेवर तेल पुसून एक थेंब टाकायचा, स्वच्छ लोखंड असेल तर लगेच तांब्यासारखं लालसर होतं, साल असेल तर काळं ते काळंच राहतं. एका मिनिटात, कुठल्याही मशीनशिवाय, लोडिंगवरच्या कोणालाही करता येते. तपासलेला नग धुवून बाजूला काढतो, लाईनवर पाठवत नाही, कारण चढलेलं तांबं रंगाखाली नको.

आधीच्या मालाचं दुःख मोठं होतं. कस्टमरच्या शेडमधले साधारण चौदाशे नग परत आले, स्ट्रिपिंगला बाहेर पाठवले, रंग जाळून काढला, मग कडा ग्राइंड करून परत लाईनवर घेतले. खर्च तिघांत वाटला गेला, त्यावर भांडण झालं, मिटलं. कटिंगवाल्या भाऊंवर डेबिट टाकायचा विषय निघाला होता, तो मी आणि कस्टमरच्या त्या ताई दोघांनी थांबवला, कारण त्यांना जे सांगितलं होतं तेच त्यांनी कापून दिलं होतं.

दुसरी ८डी लिहिताना पहिल्या पानावर आधीचं कारण चुकीचं होतं असं वेगळ्या ओळीत लिहिलं. आता सॉल्ट स्प्रेमध्ये पॅनलबरोबर दर महिन्याला खरा नग जातो, आणि रिपोर्टच्या फॉर्मवर एक नवा रकाना आहे, ब्लँक कशाने कापला, कुठल्या गॅसने.

सध्या याच कस्टमरचा १० मिमीचा दुसरा ब्रॅकेट आलाय. आमच्या भाऊंच्या मशीनवर इतक्या जाडीला नायट्रोजन फारच हळू चालतो, म्हणून तिथे ऑक्सिजन कट करून बाहेर पिकलिंग, आणि वेल्डिंग त्यानंतर, म्हणजे फटीत ॲसिड अडकायचा प्रश्न नाही. सहा नग चेंबरमध्ये आहेत, आज ३१२ तास झाले, कडा अजून काळ्याच आहेत. ५०० ला उघडून टेप लावणार आहे.